एक अक्षरही जाणार नाही

परळीत ज्यांना ज्यांना ऑफिसातली नोकरी लागली, त्यातल्या बऱ्याच जणांच्या बोटांवर वाघमारे बाईंची पट्टी बसलेली आहे. माझ्या तर दोन्ही हातांवर. बाई मराठी टायपिंग शिकवायच्या. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. बारा मशिनी, एक पंखा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि असा खडखडाट की खालचा दुकानदार गिऱ्हाइकाशी ओरडून बोलायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या मनगटांवर टॉवेल टाकला. हात झाकले, बटणं झाकली. मी टॉवेलाखाली डोकावायला गेले तशी पट्टी बसली.

“खाली काय बघायलीस? बोटाला ठावं असतंय. डोळ्याला कावून इचारतीस?”

माझ्या बोटांना काही ठाऊक नव्हतं. महिनाभर मी कागदांची नासाडी केली. मग एका दुपारी बाई समोर उभ्या राहून मजकूर सांगत होत्या आणि बोटं आपली आपण चालायला लागली. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर आहे हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. हे खूळ एकदा हातात शिरलं की निघत नाही. अजूनही बसस्टँडवर कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की माझी बोटं पर्सवर त्याचं वाक्य छापत असतात. बाईंचं तर विचारूच नका. लग्नातली भाषणं, विहारातली वंदना, शेजारणींची भांडणं, सगळं त्यांच्या मांडीवर टाईप व्हायचं. चेहरा मात्र असा की जणू त्यांचं लक्षच नाही.

बाई बुटक्या, सावळ्या, काटक. नखं कधी वाढलेली पाहिली नाहीत. बोलताना अस्सल परळीच्या आणि टाईप करताना एकदम शुद्ध. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं एकदा कार्यक्रमाच्या पत्रिकेचा मजकूर पाठवला होता. बाईंनी त्यातल्या अकरा चुका दुरुस्त करून तो छापला. पुढारी स्वतः माडी चढून वर आला. आपल्या मजकुराला हात लावलेला त्याला चालत नव्हता, त्यातून हात लावणारी वस्तीतली एक बाई. “मी लिवलंय तसंच छापायचं,” तो म्हणाला. बाई उठल्यासुद्धा नाहीत. “तुमचं राजकारण तुमी बघा,” त्या म्हणाल्या, “वेलांटी मी बघते.” आम्ही मुली मशीनमागं तोंड लपवून हसलो. बाई हसल्या नाहीत. तो गेल्यावर त्या उठल्या आणि गडूभर पाणी एका दमात प्यायल्या.

पुढं टाईपरायटर भंगारात गेले आणि बाईंच्या घरी कॉम्प्युटर आला. म्हणायला मुलाच्या, मिलिंदच्या शिक्षणासाठी. पण त्याच्यापुढं जास्त वेळ बाईच बसायच्या. त्यात एक जुना मराठी फॉन्ट होता आणि तो थेट टाईपरायटरच्या बटणांवर चालायचा, म्हणून बाईंच्या बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. त्या काळच्या फॉन्टची गंमत अशी की मशीनच्या पोटात इंग्रजीच अक्षरं साठवलेली असत. आपण इंग्रजी ‘ई’चं बटण दाबायचं, आणि फॉन्ट त्याला ‘म’चा सदरा घालून पडद्यावर उभं करायचा. ई, वाय, के असं दाबलं की ‘मला’ उमटायचं. फॉन्ट काढून घेतला तर सदरा गेला, खाली उघडा ‘ई’. हे मला चांगलं माहीत होतं. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मला माहीत असायलाच हवं होतं. म्हणून पुढं जे झालं त्याला मला काही सबब नाही.

तो कॉम्प्युटर बाईंनी टाईपरायटरसारखाच सांभाळला. परळीच्या वीजकेंद्राची, म्हणजे थर्मलची, राख आमच्याकडे खिडक्या लावल्या तरी घरात येते. दर महिन्याला बाई सीपीयूचा डबा उघडून रंगाच्या ब्रशनं आतली राख झाडायच्या. मशीन चालू होईना आणि नुसतंच टिट् टिट् करायला लागलं की आतली मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबरानं घासायच्या. तारीख मागं जायला लागली की आतला गोल सेल बदलायच्या. बाजारातला रिपेअरवाला प्रत्येक दुखण्यावर “फॉरमॅट मारावं लागंल” म्हणायचा, म्हणून त्याला त्यांनी घरात घेणं बंद केलं. “डोकं दुखलं तर डोकंच बदला म्हणतोय मेला,” असं त्या सांगायच्या.

बाईंचे मालक, वाघमारे काका, थर्मलला फिटर होते. बॉयलरच्या आवाजात जन्म गेला, त्यामुळं घरातही ओरडूनच बोलायचे. ‘मीठ द्या’ म्हणाले तरी गल्लीला कळायचं. रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत त्यांच्या घशाला ते दुखणं झालं. मिलिंद तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. त्यानंच धावपळ करून ऑपरेशन करवलं. जीव वाचला, आवाज गेला.

पाटी आणून दिली तर काकांनी ती फेकली. खुणा करायचे तर कुणाला कळायच्या नाहीत आणि ते चिडायचे. मग एके दिवशी बाईंनी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि हातांवर टॉवेल टाकला. साठीचा माणूस, पान्हे फिरवून जाड झालेली बोटं, एका दाबात दोन बटणं जायची. मी तेव्हा एकदा भेटायला गेले होते. बाई त्यांनाही आमच्यासारख्याच दरडावत होत्या. “बघू नका. तुमच्या बोटाला ठावं हाय. नट आवळताना बघत होता का?” काका तोंड वाकडं करून माझ्याकडे बघायचे, जणू सोडव मला हिच्या तावडीतून. दोन महिन्यांत ते टाईप करायला लागले.

तेव्हापासून त्या घरात बोलणं असं चालायचं. काका स्पेस बार दोनदा आपटायचे. ती बाईंना हाक. बाई हात पुसत यायच्या, पडद्यावर वाचायच्या आणि तोंडानं उत्तर द्यायच्या. रोजची एक फाईल, तिला त्या दिवसाची तारीख. एकदा काकांनी टाईप केलं, ‘वरणात मिठ नाही’. बाईंनी खुर्चीमागून हात घालून ‘मिठ’चं ‘मीठ’ केलं आणि परत गेल्या. वरण तसंच अळणी. काकांनी हसताना पोट धरलं होतं, नुसताच श्वासाचा आवाज येत होता. त्या फाईली पुसून जागा करा असं मी एकदा सुचवलं, तेव्हा बाई माझ्याकडे मी वेडी झाल्यासारखं बघत राहिल्या. “बोललेलं कुणी पुसतंय का?”

दीड वर्षानं दुखणं उलटलं. दुसरं ऑपरेशन ठरलं. काकांची इच्छा दिसत नव्हती, पण नाही असंही त्यांनी कधी स्पष्ट लिहिलं नव्हतं. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी, पिशव्या गाडीत, आणि काका कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. काहीतरी टाईप केलं. स्पेस बार दोनदा आपटला. बाई कुलूप शोधत होत्या. “आल्यावर वाचते,” त्या म्हणाल्या, “उशीर व्हायलाय.” काकांनी फाईल सेव्ह केली, मशीन रीतसर बंद केलं आणि स्वतः चालत जाऊन गाडीत बसले. ते परत आले नाहीत.

हे मला बाईंनी खूप उशिरा सांगितलं. ती शेवटची फाईल त्यांनी पाच वर्षं उघडली नव्हती. बाकीच्या फाईली रोज दुपारी उघडायच्या, वाचायच्या, मोठ्यानं उत्तरंही द्यायच्या. त्या एका फाईलवर मात्र हात जात नव्हता. मिलिंद येईल-जाईल त्याला सांगायचा की पप्पा स्वतःच्या पायानं गाडीत बसले, राजीखुशीनं. पोरगं त्या एका वाक्यावर उभं होतं. आणि बाईंना भीती अशी की फाईलमध्ये दुसरंच काही असेल.

तर मागच्या वर्षी ते मशीन बसलं. खोडरबर झालं, सेल झाला, ब्रश झाला. चालू व्हायचं, निळा पडदा दाखवायचं आणि पुन्हा बंद पडायचं. बाईंनी फोन केला. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली घाबरगुंडी होती.

“सुनीता, तू येतीस का? दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई मला.”

रविवारी गेले. तारा काढून पुन्हा बसवल्या, मेमरी बदलून पाहिली. हार्डडिस्क धडधाकट होती. तिच्यावरची जुनी विंडोजच नासली होती. तीच पुन्हा टाकावी तर सीडी ओरखड्यांनी भरलेली, आणि त्या जुन्या विंडोजवर आता धड एकही वेबसाइट उघडत नव्हती. नवी विंडोज टाकावी तर दोन जीबी मेमरीचं ते म्हातारं मशीन तिच्या ओझ्यानं जागेवरून हललं नसतं. मी बरोबर पेन ड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं हलकं लिनक्स नेलं होतं. डिस्कला हात न लावता ते चालवून दाखवलं. दोन मिनिटांत सुरू झालं. मी इंटरनेट उघडून दाखवलं, एक गाणं लावून दाखवलं. मला फार हुशारी वाटत होती. फाईल एकही उघडून पाहिली नाही. ती एक गोष्ट पाहायची होती, तीच पाहिली नाही.

“बाई, तुमचं सगळं डी ड्राइव्हला आहे. मी फक्त विंडोजचा सी पुसणार. डीला बोटही लावत नाही.”

बाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. “अक्षर जाणार न्हाई ना?”

“एक अक्षरही जाणार नाही,” मी म्हणाले.

आम्ही दोघी एकच शब्द बोललो आणि दोन वेगळ्या गोष्टी बोललो. टायपिंगच्या क्लासात ‘अक्षर’ म्हणजे वळण, ठसा. मशीनचं अक्षर चांगलं, मशीनचं अक्षर झिजलं, असं आम्हीच म्हणायचो. बाई फॉन्टबद्दल विचारत होत्या. त्यांनी शिकवलेली मुलगी मी, पण कॉम्प्युटरवाली होऊन इतकी शहाणी झाले होते की मला तो शब्द मजकूर म्हणूनच ऐकू आला. फॉन्ट सीमध्ये होता. मी सी पुसला.

पाऊण तासात काम झालं. मशीन छान पळायला लागलं. बाई चहा करायला आत गेल्या होत्या. फाईली आहेत ना एवढं पाहावं म्हणून मी डी उघडला. तारखेनं लावलेली यादी, सगळ्यात नवी सगळ्यात वर. मी वरचीच उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मधेमधे टिंबं, कंस, एक परदेशी टोपीवाला ‘ए’. मागून बाईंच्या पावलांचा आवाज आला आणि मी वळायच्या आतच बोलायला लागले.

“बाई, घाबरू नका. फॉन्ट गेलाय फक्त. हे आत्ता कुणाला वाचता येणार नाही, पण आमच्या लॅबच्या जुन्या मशीनवर तोच फॉन्ट आहे. मी उद्या घेऊन येते, सगळं जसंच्या तसं—”

बोलता बोलता वळले. बाईंच्या हातात चहाचा ट्रे होता. त्यांची नजर पडद्यावर होती, आणि ट्रेच्या खालच्या बाजूला त्यांची बोटं हलत होती. कपातला चहा त्या हलण्यानं बशीत सांडत होता. ई, वाय, के. मला.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि माझीही बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली. डोळ्यांना इंग्रजी अक्षर दिसत होतं, बोटांना त्या बटणावरचं मराठी अक्षर कळत होतं. थांबवता आली असती की नाही, माहीत नाही. तीन वाक्यं होती. ‘मला नेऊ नका. मिलिंदला सांग. तो तुझं ऐकतो.’

बाईंनी ट्रे खाली ठेवला. मला वाटलं रडतील. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या, पुसतच राहिल्या.

“वाचलीस तू.”

“नाही बाई.”

“खोटं नको बोलूस. बोटं हलली तुजी.”

मग त्यांनी त्या सकाळबद्दल सगळं सांगितलं. कुलूप, पिशव्या, ‘आल्यावर वाचते’. मी माफी मागत होते, कशाची ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. मी फॉन्ट पुसला नसता तर ती फाईल मी उघडलीच नसती असंही नाही. उघडली असती, आणि स्वच्छ मराठीत मोठ्यानं वाचूनही दाखवली असती. तरी मला माझाच राग आलेला होता, आणि आजही तो गेलेला नाही.

“उद्या फॉन्ट आणते,” मी पुन्हा म्हणाले. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

“नको आणू.”

“पण बाई, बाकीच्या फाईली? काकांचं सगळं बोलणं—”

“मला येतंय वाचायला. हळू येतंय, पण येतंय.” त्यांनी चष्मा लावला. “मिलिंदाला टायपिंग येत न्हाई. कितींदा म्हणलं शीक, शिकला न्हाई. दिवाळीला आला की हितंच बसतोय, पप्पाच्या फायली उघड म्हणतोय. आजवर मी ती एक सोडून उघडायचे. माज्यामागं कोण सोडंल? त्यानं वाचलं तर मरंल गं माजं पोरगं. त्यानंच नेलंतं त्यांना. हीच राहू दे तुजी लिनक्स का फिनक्स. लई चांगली हाय.”

“ती एकच फाईल पुसून टाकू का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

निघताना मी दारात चपला घालत होते. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, ताठ, पाठ माझ्याकडे. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, दोन्ही हात बटणांवर ठेवले आणि काकांच्या ओळीखाली टाईप करायला लागल्या. नेहमीसारखं भराभर नाही. एकेक बटण, मधे थांबून. काय टाईप करत होत्या ते मी पाहिलं नाही. बाहेर राखेनं पांढरा झालेला उजेड होता आणि माझी बस चुकायला आली होती. येते बाई, म्हणाले. त्यांनी मान हलवली, वळल्या नाहीत. ती आमची शेवटची भेट. हिवाळ्यात मिलिंद त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि तिथंच त्या गेल्या.

गेल्या महिन्यात तो माझ्या लॅबमध्ये आला. बाईंचा तो जुना डबा त्यानं चादरीत गुंडाळून आणला होता.

“ताई, पप्पाच्या फायली हायत यात. कुटंच उघडंनात. पुण्यात दोघातिघांना दाखवलं, ते म्हणले खराब झाल्यात. मम्मी म्हणायची सुनीताला समजतंय.”

मी मशीन जोडलं. त्यानं स्वतःच माऊस घेतला आणि यादीतली सगळ्यात वरची फाईल उघडली.

“ही शेवटच्या दिवशीची,” तो म्हणाला. “ते टाईप करत होते आन् मी भाईर हॉर्न वाजवत होतो. लई वाजवला. काय लिवत असतील, याच्यावर मी आजपत्तोर इचार करतोय.” मग तो पडद्याकडे वाकला. “सेव्ह केल्याली तारीख तर मागच्या सालची दाखवायलीय. तवा पप्पा कुटं होते?”

“मी दुरुस्तीला गेले होते तेव्हा चुकून बटणं दाबली गेली असतील,” मी म्हणाले. “फाईल तेव्हाच नासली. माझ्याच हातून.”

“म्हंजे कायच निघत न्हाई?”

“काही नाही रे. नुसता कचरा आहे.”

त्यानं मान खाली घातली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, तरी बोटं ऐकत नव्हती. काकांच्या तीन वाक्यांखाली बाईंची ओळ होती, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली.

‘सांगितले नाही. सांगणारही नाही. रागवा माझ्यावर.’